हँडलखालची टकटक

प्रश्न : माझा चौदा वर्षांचा मुलगा बीएमएक्स सायकल चालवतो. पावसाळ्यापासून उडी घेऊन सायकल खाली टेकली की हँडलखालून ‘टक’ असा आवाज येतो. दुकानदाराने दोनदा वरचा बोल्ट आवळून दिला, तरी फरक नाही. हेडसेट (हँडल ज्यावर फिरते तो बेअरिंगचा संच) बदलावा का आणि कोणता घ्यावा?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : घाईने नवा हेडसेट घेऊ नका. स्टेमच्या, म्हणजे हँडल धरून ठेवणाऱ्या तुकड्याच्या, बाजूचे दोन बोल्ट घट्ट असताना वरचा बोल्ट कितीही पिळला तरी बेअरिंगवर दाब येत नाही, आणि आपल्याकडे नेमके हेच होत असावे. आधी बाजूचे बोल्ट सैल करावेत, मग वरचा बोल्ट थोडाथोडा आवळत ढिलेपणा जाईल पण हँडल अडखळणार नाही इथपर्यंत आणावा, स्टेम चाकाच्या रेषेत धरावा आणि शेवटी बाजूचे बोल्ट आवळावेत. चिमट्याची (पुढचे चाक धरणाऱ्या फोर्कची) वर येणारी नळी स्टेमच्या वरच्या कडेपेक्षा सुमारे 3 मिलिमीटर खाली असली पाहिजे. ती वरच्या बोल्टच्या टोपणाला टेकत असेल तर मध्ये एक स्पेसर (पातळ कडे) घालावा.

या सायकलींना बहुधा पुढचा ब्रेक नसतो, म्हणून पुढचे चाक आडवे वळवून, हेडट्यूब (फ्रेमची पुढची उभी नळी) आणि चिमटा यांच्या सांध्यावर बोट ठेवून सायकल पुढेमागे हलवावी. ढिलाई बोटाला लगेच कळते.

हँडल मधोमध आल्यावर खाचेत बसल्यासारखे अडकत असेल, तर मात्र बेअरिंग गेले. कोणते घ्यायचे हे फ्रेम ठरवते, आपली आवड नव्हे. आजच्या बहुतेक बीएमएक्स फ्रेममध्ये बेअरिंगच्या वेगळ्या वाट्या ठोकलेल्या नसून बंद बेअरिंग थेट हेडट्यूबमध्ये बसते. त्याचा बाहेरचा व्यास साधारण 41.8 मिलिमीटर आणि आतल्या व बाहेरच्या कडेचे दोन्ही उतार 45 अंशांचे असतात. दिसायला तसेच, पण 36 आणि 45 अंशांचे बेअरिंगही मिळते व ते इथे नीट बसत नाही, म्हणून जुन्या बेअरिंगच्या कडेवरचे आकडे वाचूनच खरेदी करावी.

नाशिकच्या पावसाळ्यानंतर एकदा सगळे उघडून चिखल पुसावा आणि बसण्याच्या जागी ग्रीसचा पातळ थर द्यावा. सुट्या छर्‍यांप्रमाणे बंद बेअरिंग रॉकेलमध्ये बुडवू नये, कारण आतले ग्रीसच धुऊन जाते. गाड्या धुण्याच्या प्रेशरच्या पाण्याचेही तेच. ढिल्या हेडसेटवर उड्या मात्र आजपासूनच थांबवा, कारण हेडट्यूबची बैठक एकदा लंबगोल झाली की नवे बेअरिंगही त्यात डुगडुगते आणि मग फ्रेमच बदलावी लागते.