आडवाटेचे भयपट सुचवताना : वाचकांचे प्रश्न

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांना एकच गोष्ट विचारायची आहे : दर्दी मंडळींना कुठला सिनेमा सुचवावा? आमच्या मते नुसत्या नावावर भागत नाही. नाव, वर्ष, दिग्दर्शक आणि प्रत किती मिनिटांची, या चारही गोष्टी सांगाव्या लागतात. नाहीतर तुम्हाला आवडलेला सिनेमा एक आणि मित्राने पाहिलेला दुसराच, असं सर्रास होतं.

प्रश्न : आमचा पाच-सहा जणांचा गट आहे. 'सस्पिरिया', 'हॅलोवीन', 'द टेक्सास चेन सॉ मॅसकर' सगळ्यांना तोंडपाठ आहेत. कुणीच पाहिला नसेल असं काही सुचवा.

उत्तर : पहिलं नाव 'मसाया ऑफ इव्हिल' (१९७३). विलर्ड हायक आणि ग्लोरिया कॅट्झ या जोडीचा सिनेमा. कथा विस्कळीत आहे, हे आधीच सांगून टाका, म्हणजे कुणी धागेदोरे जुळवत बसणार नाही. तो बघायचा तो दोन प्रसंगांसाठी. एका प्रसंगात एक मुलगी जवळजवळ रिकाम्या थिएटरात येऊन बसते. पडद्यावर सिनेमा चालू होतो आणि तिच्या मागच्या खुर्च्यांवर एकेक माणूस गुपचूप येऊन बसू लागतो. तिला पत्ता नाही. आपल्याला मात्र दर वेळी मागची रांग थोडी जास्त भरलेली दिसते. ना किंकाळी, ना सुरा, तरी घशाला कोरड पडते. दुसरा प्रसंग रात्रीच्या सुपरमार्केटातला, मांसविभागापाशी जमलेल्या गर्दीचा. त्याबद्दल याहून जास्त सांगू नका.

हा सिनेमा रुंद पडद्यासाठी चित्रित झाला आहे, रुंदी उंचीच्या २.३५ पट. त्याच्या जुन्या स्वस्त प्रती मात्र बाजू छाटून चौकोनी केलेल्या आहेत. गणित सोपं आहे : २.३५ ची चौकट १.३३ वर आणली की जवळजवळ ४३ टक्के चित्र गायब होतं. थिएटरच्या प्रसंगात नेमक्या कडेच्या खुर्च्याच जातात, मग त्यात उरतं काय? म्हणून पहिल्या मिनिटाला चौकट बघा. चित्राने सगळा टीव्ही वर-खाली भरला असेल, तर ती प्रत बाजूला ठेवा. वर-खाली काळ्या पट्ट्या दिसायलाच हव्यात.

त्याला जोड म्हणून 'लेट्स स्केअर जेसिका टू डेथ' (१९७१, दिग्दर्शक जॉन हॅनकॉक). नाव बाजारू वाटतं, सिनेमा तसा अजिबात नाही. नायिका मानसिक आजारातून नुकतीच उठली आहे आणि तिच्या कानात कुजबुज चालू असते. समोर दिसतंय ते खरं की तिच्या मनातलं, याचा निवाडा शेवटपर्यंत होत नाही. इथे कुजबुज ऐकू येणं महत्त्वाचं आहे. टीव्हीच्या बारीक स्पीकरवर ती विरून जाते, म्हणून बाहेरचे स्पीकर लावा किंवा एकट्याने बघणार असाल तर हेडफोन.

युगोस्लाव्ह टीव्हीसाठी बनलेला 'लेप्टिरिट्सा' (१९७३, जॉर्जे कादियेविच) जेमतेम तासाभराचा आहे. पाणचक्कीत रात्री झोपेल तो सकाळी मेलेला सापडतो, एवढ्यावर तो उभा आहे. मेक्सिकोच्या कार्लोस एन्रिके ताबोआदाचा 'वेनेनो पारा लास आदास' हा ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरचा. दोन शाळकरी मुली, त्यातली एक स्वतःला चेटकीण म्हणवणारी. यात मोठ्या माणसांचे चेहरे कॅमेरा टाळतो. हात, पाठ, आवाज एवढंच. पाहताना पंधरा-वीस मिनिटांनी ते ध्यानात येतं आणि मग आपणही मुलींच्या उंचीवरून बघू लागतो. हे आधी सांगू नका, ज्याचं त्याला कळू द्या.

गटातल्यांना शांत सिनेमा मानवत नसेल, तर हाँगकाँगच्या शॉ ब्रदर्स स्टुडिओचा 'द बॉक्सर्स ओमेन' (१९८३, क्वेई चिह-हुंग) आणि इंडोनेशियाचा 'मिस्टिक्स इन बाली' (१९८१). पहिल्यात मांत्रिक एकमेकांच्या तोंडचं चघळलेलं अन्न खातात. जेवणानंतर लगेच लावू नका. दुसऱ्यात धडापासून सुटलेलं मुंडकं आतडी लोंबकळत उडतं. दोन्ही सिनेमे हसण्यासाठी म्हणून सुचवू नयेत असं आम्हाला मनापासून वाटतं. ट्रिक्स कच्च्या असतील, पण त्यामागची भूतं तिथल्या लोकांच्या श्रद्धेतली आहेत, आणि असली कल्पनाशक्ती महागड्या सिनेमांत क्वचितच बघायला मिळते.

प्रश्न : माझ्याकडची 'डीप रेड'ची प्रत १०५ मिनिटांची आहे, मित्राची १२७. दुसऱ्या एका सिनेमाची डीव्हीडी मात्र कव्हरवरच्या वेळेपेक्षा चारच मिनिटं कमी भरते. दोन्हींना कात्री लागली आहे का?

उत्तर : पहिलीला लागली आहे, दुसरीला बहुधा नाही.

सिनेमा सेकंदाला २४ चौकटींनी (फ्रेम्सनी) चित्रित होतो. युरोपातल्या जुन्या पाल या टीव्ही पद्धतीच्या डीव्हीडी तोच सेकंदाला २५ चौकटींनी पळवतात. त्यामुळे एकही चौकट न कापता सिनेमा चार टक्क्यांनी आखूड होतो : १०० मिनिटांचा ९६ चा. आवाजही किंचित चढतो, आणि गाण्याचा कान असलेल्याला पार्श्वसंगीतात ते लगेच जाणवतं. डिस्कवरच्या मिनिटांना २५ ने गुणा, २४ ने भागा. उत्तर मूळ लांबीशी जुळलं तर प्रत पूर्ण आहे. ब्ल्यू-रेवर सहसा २४ चाच वेग असतो, तिथे हा हिशेब लावू नका.

आता दारिओ आर्जेंतोचा 'डीप रेड' (१९७५). १२७ मिनिटांची प्रत पाल वेगाने १२२ वर येईल, १०५ वर नव्हे. म्हणजे मधली बावीसेक मिनिटं खरोखरच कापलेली आहेत. परदेशी वितरणासाठी आखूड केलेली ती आवृत्ती. कात्री खुनांवर कमी आणि नायक व पत्रकार मुलगी यांच्या थट्टामस्करीवर जास्त चालली. त्यामुळे छोटी प्रत पाहिलेले म्हणतात सिनेमा घट्ट आहे, मोठी पाहिलेले म्हणतात माणसं जिवंत आहेत. पहिल्यांदा बघणाऱ्याला आम्ही मोठीच सुचवू. फक्त एक कल्पना द्या : कापलेल्या भागांचं इंग्रजी डबिंग मिळत नाही. इंग्रजी आवाजावर पूर्ण प्रत लावली की मध्येच पात्रं इटालियन बोलू लागतात. डिस्क बिघडलेली नाही.

याहून वाईट गत 'पझेशन' (१९८१, आंद्रे झुवाव्स्की) या सिनेमाची झाली. १२४ मिनिटांचा सिनेमा अमेरिकेत सुमारे ८० मिनिटांवर आणला गेला. बिल गन यांच्या 'गांजा अँड हेस'ला (१९७३) तर वितरकांनी दुसऱ्याच नावाने, जेमतेम सव्वा तासाचा करून बाजारात आणलं. या दोन्हींच्या आखूड प्रती बघून कुणी नाक मुरडलं, तर त्याला पूर्ण प्रत दाखवल्याशिवाय वाद घालू नका.

प्रश्न : एकच सिनेमा दोन नावांनी दोनदा विकत घेतला. हे टाळायचं कसं?

उत्तर : मूळ भाषेतलं नाव, वर्ष आणि दिग्दर्शक टिपून ठेवा आणि खरेदी त्यावरूनच करा. मारिओ बावाचा १९७१ चा 'अ बे ऑफ ब्लड' हाच 'ट्विच ऑफ द डेथ नर्व्ह'. होर्हे ग्राउचा १९७४ चा झोम्बीपट 'द लिव्हिंग डेड अ‍ॅट मँचेस्टर मॉर्ग' आणि 'लेट स्लीपिंग कॉर्प्सेस लाय' अशा दोन्ही नावांनी मिळतो.

आकड्यांवर तर मुळीच विसंबू नका. लुचिओ फुल्चीच्या 'झोम्बी २'चा (१९७९) पहिला भाग शोधत बसलात तर फुल्चीकडे तो सापडणार नाही. जॉर्ज रोमेरोचा 'डॉन ऑफ द डेड' इटलीत 'झोम्बी' नावाने चालला, त्या लाटेवर फुल्चीच्या सिनेमाला '२' चिकटवला गेला. 'द इव्हिल डेड' तिथे 'ला कासा' झाला, त्याचा दुसरा भाग 'ला कासा २', आणि 'ला कासा ३' हा उंबेर्तो लेन्झीचा 'घोस्टहाउस' (१९८८), ज्याचा आधीच्या दोघांशी काडीचा संबंध नाही.

प्रश्न : इटालियन सिनेमे इटालियनमध्येच बघावेत ना? तीच मूळ भाषा.

उत्तर : साठ-सत्तरच्या दशकांतल्या इटालियन भयपटांना बहुतेकदा अशी एक मूळ भाषाच नसते. चित्रीकरणात आवाज ध्वनिमुद्रित करायची पद्धत नव्हती. इंग्रज नट इंग्रजीत बोलायचा, इटालियन नटी इटालियनमध्ये, आणि सगळ्यांचे आवाज मागाहून भरले जायचे. म्हणून प्रमुख नटाचे ओठ कुठल्या भाषेत हलतात ते बघा आणि ती निवडा. 'डीप रेड'मध्ये डेव्हिड हेमिंग्जचा स्वतःचा आवाज इंग्रजी डबिंगमध्येच आहे.

सबटायटल्सची एक खोड मात्र तपासा. काही डिस्कवर इटालियन आवाजाखाली येणारी इंग्रजी अक्षरं ही इटालियन संवादांचं भाषांतर नसून इंग्रजी डबिंगची नक्कल असते. ओळखायची रीत : इंग्रजी आवाज लावा आणि तीच सबटायटल्स चालू ठेवा. शब्दन्शब्द जुळला तर ती नक्कल आहे. मग इटालियन आवाजावर बघण्यात अर्थ उरत नाही, कारण पात्र एक बोलतं आणि तुम्ही दुसरंच वाचता.

प्रश्न : ब्रिटनमधल्या 'व्हिडिओ नॅस्टी'च्या यादीतले सगळे सिनेमे क्रमाने बघावेत का?

उत्तर : नको. ऐंशीच्या दशकात व्हिडिओ कॅसेटवर येणाऱ्या भडक सिनेमांविरुद्ध केलेली ती यादी सरकारी वकिलांची आहे, रसिकांची नव्हे. त्यावरचे ७२ सिनेमे खटल्यासाठी वेचले होते, त्यांतल्या ३९ वर खटले यशस्वी झाले. 'पझेशन' आणि आर्जेंतोचा 'टेनेब्रे' त्यात आहेत, आणि केवळ भडक कव्हरमुळे अडकलेला बराच गाळही आहे. या दोनांपासून सुरुवात करा आणि बाकीचे जाणकाराला विचारून निवडा.

प्रश्न : मी सुचवलेला सिनेमा बघताना एक मैत्रीण अर्ध्यावर उठून गेली, पुन्हा बोलली नाही. आधी काय सांगायला हवं?

उत्तर : रक्ताबद्दल सांगायची फारशी गरज नसते, भयपटाला आलेल्या माणसाला ते अपेक्षित असतं. लैंगिक अत्याचार, लहान मुलांवरची हिंसा आणि जनावरांची खरीखुरी हत्या या तीन गोष्टी मात्र न विचारता सांगा. तिसरी तर आवर्जून, कारण तिथे खोटं रक्त नसतं. 'कॅनिबल होलोकॉस्ट'मध्ये (१९८०) नदीतलं कासव कॅमेऱ्यासमोर खरंच मारलं आहे आणि ते एकटंच नाही. काही डिस्कवर ही दृश्यं वगळलेली वेगळी आवृत्ती मिळते, तीच लावायचा पर्याय द्या. टेड कोचेफचा ऑस्ट्रेलियन 'वेक इन फ्राइट' (१९७१) आमच्या मते फार मोठा सिनेमा आहे, पण त्यातली कांगारूंची शिकार खरी आहे. त्याचं मूळ निगेटिव्ह पिट्सबर्गमध्ये नष्ट करायच्या मालात सापडलं, म्हणून तो आज नीट बघता येतो.

सांगायची पद्धतही महत्त्वाची. 'फार भयंकर आहे' यातून काहीच कळत नाही. 'मध्यावर एक शिकारीचा प्रसंग आहे, जनावरं खरी आहेत, नको असेल तर पुढे ढकलू' असं सांगा. यात गोष्ट फुटत नाही आणि समोरच्याला स्वतः ठरवता येतं.

प्रश्न : एका रात्रीत तीन सिनेमे लावायचे आहेत. क्रम काय ठेवू?

उत्तर : संथ आधी, वेडा मध्ये, छोटा शेवटी. उदाहरणार्थ 'जेसिका' (८९ मिनिटं), नोबुहिको ओबायाशीचा 'हाउस' (१९७७, ८८ मिनिटं) आणि शिन्या त्सुकामोतोचा 'तेत्सुओ' (१९८९, ६७ मिनिटं). एकूण चार तास चार मिनिटं, दोन मध्यंतरं धरून पावणेपाच. 'तेत्सुओ' आधी लावलात तर त्याच्या लोखंडी खणखणाटानंतर 'जेसिका'ची कुजबुज कुणाच्या कानात शिरणार नाही. 'तेत्सुओ'साठी आवाज दोन-तीन घरं खाली आणा. टीव्हीवरची हालचाल गुळगुळीत करणारी सेटिंग बंद करा, तिच्यामुळे फिल्म मालिकेसारखी दिसते. चित्रावरचे दाणे घालवणारीही बंद करा. 'तेत्सुओ' सोळा मिलिमीटर फिल्मवरचा आहे, दाणे पुसले की चेहरे मेणाचे होतात.

प्रश्न : परदेशातून मागवलेली ब्ल्यू-रे माझ्या प्लेअरवर चालेना. सदोष आहे का?

उत्तर : आधी पाठीमागचं अक्षर बघा. ब्ल्यू-रेचे ए, बी, सी असे तीन प्रदेश असतात आणि प्लेअर आपल्याच प्रदेशाची डिस्क वाजवतो. तिन्ही अक्षरं छापलेली असतील तर ती कुठेही चालते. फोर-के डिस्कला प्रदेशाचं बंधन नसतं, पण त्याच डबीतल्या साध्या ब्ल्यू-रेला असू शकतं, आणि मुलाखती, पर्यायी आवृत्त्या वगैरे अनेकदा त्या दुसऱ्या डिस्कवरच असतात. मागवण्याआधी विक्रेत्याला दोन्ही डिस्कचे प्रदेश वेगवेगळे विचारा.