सणाच्या दिवशी ड्यूटी लावली, तर कामावर जायचंच नाही का?

प्रश्न : मी एका मोठ्या दुकानात बिलिंग काउंटरवर काम करते. आम्ही चाळीसेक जण आहोत. कोणताही मोठा सण आला की माझी ड्यूटी ठरलेली. मॅनेजर तोंडावर म्हणतात, "तुझं लग्न झालेलं नाही, तुला घरी कसली घाई?" यंदा सणाच्या दोन दिवसांसाठी तीन आठवडे आधी रजेचा अर्ज दिला होता. "बघू, होऊन जाईल," म्हणाले. आदल्या रात्री व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोस्टर आलं, त्यात दोन्ही दिवशी मला क्लोजिंग, म्हणजे निघायला रात्रीचे साडेदहा. विचारलं तर उत्तर मिळालं, "आली नाहीस तर अॅबसेंट लागेल, पगार कापला जाईल आणि वॉर्निंग लेटरही मिळेल." मी गेले. नंतर "मला बदली सुट्टी नको" अशा छापील कागदावर सगळ्यांच्या सह्या घेतल्या, मीही केली. पुढच्या सणाला आम्ही सगळ्यांनीच दांडी मारली तर? कायदा आमच्या बाजूने आहे का?

उत्तर : कायदा बऱ्याच अंशी तुमच्या बाजूने आहे, पण दांडीच्या बाजूने नाही. पत्राचा शेवट वाचून काळजी वाटली, म्हणून आधी तेवढंच सांगतो. रोस्टरमध्ये नाव असताना न कळवता घरी राहिलात, तर आज मॅनेजरकडे असलेला दोष तुमच्याकडे येईल. त्या दिवसाचा पगार त्यांना कायदेशीरपणे कापता येईल आणि वॉर्निंग लेटरलाही कारण मिळेल. सगळ्यांनी मिळून दांडी मारणं तर त्याहून धोक्याचं. दहा किंवा अधिक कामगार संगनमताने, योग्य सूचना न देता आणि सबळ कारणाशिवाय गैरहजर राहिले, तर आठ दिवसांपर्यंतचं वेतन कापण्याची वाट कायद्यात फार जुनी आहे, आणि 2019 च्या वेतन संहितेतही ती कायम ठेवली आहे. एका दिवसाच्या रागापायी आठ दिवसांचा पगार घालवू नका.

आता तुमच्या हक्काचं बोलू. तुमच्या दुकानाला 2017 चा महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायदा लागू होतो. काउंटरवर काम करणारी व्यक्ती त्या कायद्याच्या अर्थाने कामगार आहे, मग नेमणूकपत्रावर 'असोसिएट' लिहिलेलं असो की 'एक्झिक्युटिव्ह'. पदनाम बघायचं नसतं, प्रत्यक्ष हातातलं काम बघायचं असतं.

या कायद्यात तीन वेगवेगळ्या सुट्ट्या आहेत आणि तुमच्याकडे त्यांची सरमिसळ झालेली दिसते. बहुतेक ठिकाणी होते, आणि तिचा फायदा नेहमी एकाच बाजूला मिळतो. पहिली आठवड्याची सुट्टी, सलग चोवीस तासांची. दुसरी सणांची भरपगारी सुट्टी. वर्षाला अशा आठ सुट्ट्या मिळतात : 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर या चार ठरलेल्या, आणि उरलेल्या चार मालक आणि कामगार यांनी वर्ष सुरू होण्यापूर्वी आपसात ठरवायच्या. तिसरी रजा : वर्षाला आठ दिवस किरकोळ रजा, आणि आदल्या वर्षी 240 दिवस भरले असतील तर दर वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजा.

तुम्ही ज्या दोन दिवसांबद्दल लिहिलंय ते यांपैकी कशात मोडतात, यावर सगळं अवलंबून आहे. तुमच्या दुकानाने ठरवलेल्या चार सणांत ते असतील, तर त्या दिवशी कामावर बोलावता येतं, पण त्याचं मोल द्यावं लागतं : त्या दिवसाचं दुप्पट वेतन आणि वर दुसऱ्या दिवशी बदली सुट्टी. 'किंवा' नाही, दोन्ही. अनेक मॅनेजर यातलं एकच देतात आणि उपकार केल्यासारखं देतात. मासिक पगारात त्या दिवसाचं वेतन आधीच धरलेलं असतं, त्यामुळे दुपटीचा हिशोब कसा मांडायचा यावर वाद घातला जातो. तरी नेहमीच्या पगाराच्या वर किमान एका दिवसाचं वेतन पगारपत्रकात वेगळं दिसलंच पाहिजे. ते दिसतंय का, आजच बघा.

ते दिवस यादीत नसतील, तर प्रश्न रजेचा होतो. तिथे तुमची बाजू थोडी दुबळी आहे हे मान्य करायला हवं. अमुक दिवशी रजा मिळालीच पाहिजे असा हक्क कायदा देत नाही. पंधरा दिवस आधी अर्ज करूनही देय रजा नाकारली, तर साठवता येणाऱ्या 45 दिवसांच्या रजेपलीकडे जेवढी रजा जाते, तिचे पैसे मागता येतात, एवढंच. तुम्ही तीन आठवडे आधी अर्ज केलात हे उत्तम झालं. पण "होऊन जाईल" हे मंजुरी नव्हे. यापुढे अर्ज ईमेलने करा आणि शेवटी एक ओळ घाला : "अमुक तारखेपर्यंत लेखी उत्तर मिळावं, म्हणजे मला पर्यायी व्यवस्था करता येईल." उत्तर आलं नाही तरी ती ओळ पुढे कामाला येते.

आणखी एक गोष्ट तपासा, कारण ती रोस्टरमध्ये पटकन दिसत नाही. सणाच्या आठवड्यात तुमची साप्ताहिक सुट्टी हलवून नेमकी सणाच्या दिवशी टाकतात का? तसं केलं की एका दिवसात दोन सुट्ट्या बसवल्या जातात आणि तुमची एक सुट्टी बुडते. माझ्या मते हे कायद्याला धरून नाही, कारण आठवड्याचा आराम आणि सणाची सुट्टी हे वेगळे हक्क आहेत. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी काम करवून घेतलं तर त्याचंही दुप्पट वेतन आहे, आणि बुडालेली सुट्टी दोन महिन्यांच्या आत द्यावी लागते.

आता त्या छापील कागदाविषयी. सही केली म्हणून तुम्ही बांधल्या गेलात असं अजिबात नाही. कायद्याने दिलेली किमान गोष्ट करार करून काढून घेता येत नाही. कायद्याची तरतूद निष्फळ करणारा करार 1872 च्या करार कायद्याच्या कलम 23 प्रमाणे टिकत नाही. उलट तो कागद तुमच्याच उपयोगाचा आहे. त्या दिवशी काम झालं आणि बदली सुट्टी दिली नाही, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. प्रत मागा. नाही दिली, तर "अमुक तारखेला अशा मजकुरावर आमच्या सह्या घेतल्या, मला प्रत मिळालेली नाही" असा ईमेल एचआरला पाठवा.

क्लोजिंग शिफ्टबद्दल तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण मला तो मुद्दा मोठा वाटतो. रात्री साडेनऊनंतर स्त्री कामगाराला तिच्या संमतीशिवाय कामावर ठेवता येत नाही. संमती असली तरी सुरक्षेची आणि घराच्या दारापर्यंत पोहोचवण्याची व्यवस्था मालकाची. तुमची संमती कधी घेतली होती का? नसेल, तर सणाचा प्रश्न बाजूला ठेवून एवढ्याच मुद्द्यावर तुम्हाला क्लोजिंगला लेखी नकार देता येतो. हा नकार म्हणजे दांडी नव्हे. "साडेनऊपर्यंत काम करेन, त्यानंतर माझी संमती नाही," असं आधी कळवा आणि साडेनऊपर्यंत काम करा.

"तुझं लग्न झालेलं नाही" या वाक्याने मला चीड आली. अविवाहित मुलीचेही आईवडील असतात, तिचेही सण असतात, आणि यातलं काहीही नसलं तरी तिचा आराम तिचाच असतो. सणाच्या ड्यूट्या सगळ्यांना सारख्या वाटाव्यात असं कोणतंही कलम थेट सांगत नाही. पण गुणवत्ता न पाहता एका गटाला झुकतं माप देणं ही अनुचित कामगार प्रथा आहे, असं महाराष्ट्राच्या 1971 च्या कायद्याची चौथी अनुसूची सांगते. त्याखाली तक्रार घटनेपासून नव्वद दिवसांत करायची असते. ती सिद्ध करायला एका सणाचं रोस्टर पुरत नाही. मागच्या दोन-तीन वर्षांची रोस्टर काढा आणि कोणत्या सणाला कोण कामावर होतं त्याचा साधा तक्ता करा. ग्रुपवरचे मेसेज खोडू नका, ग्रुप सोडू नका, फोन बदलणार असाल तर जुना जपून ठेवा. नुसत्या स्क्रीनशॉटवर हरकत घेतली जाते. 2023 च्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे, तो मेसेज कोणत्या फोनमधून आणि कसा घेतला हे सांगणारं प्रमाणपत्र द्यावं लागतं, आणि मूळ फोन हाताशी असला की ते सोपं जातं.

पुढच्या सणाला हातात दीड-दोन आठवडे असतानाच मॅनेजरला आणि एचआरला एकत्र ईमेल करा. मजकूर साधारण असा : "गेल्या सणाला दोन्ही दिवशी मी काम केलं आहे. त्याचं दुप्पट वेतन आणि बदली सुट्टी अद्याप मिळालेली नाही, ती द्यावी. या वर्षासाठी ठरलेल्या चार सणांच्या सुट्ट्यांची यादी मिळावी. येत्या सणाचं रोस्टर आळीपाळीने लावावं आणि शिफ्टची माहिती लेखी व वेळेवर द्यावी, ही विनंती." एवढंच. मॅनेजरच्या स्वभावावर एक शब्दही नको. शिफ्टच्या वेळा कामगारांना लेखी कळवणं हे त्यांचं कर्तव्यच आहे, त्यामुळे यात तुम्ही जगावेगळं काही मागत नाही. शक्य असेल तर आणखी चार-पाच सहकाऱ्यांनी आपापल्या नावाने असेच ईमेल पाठवावेत. एकटीचं नाव पुढे राहिलं की त्रासही एकटीलाच होतो.

तरीही ड्यूटी लागली, तर जा. जाण्यापूर्वी "निषेध नोंदवून, हक्क राखून ड्यूटीवर येत आहे" असा मेसेज टाका. नंतर पैसे किंवा सुट्टी मिळाली नाही, तर कामगार आयुक्तांच्या कार्यालयात सुविधाकारांकडे, म्हणजे पूर्वी ज्यांना दुकान निरीक्षक म्हणत त्यांच्याकडे, लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. तक्रारीसोबत रोस्टर, पगारपत्रक आणि तुमचे ईमेल जोडा.

वॉर्निंग लेटर आलंच, तर घ्यायला नकार देऊ नका. तारीख घालून "मजकूर मान्य नाही" असं लिहून स्वीकारा आणि दिलेल्या मुदतीत उत्तर द्या. त्या उत्तरात माफी मागायची नाही आणि भांडायचंही नाही. कोणत्या दिवशी हजर होतात, काय मागितलं होतं आणि काय मिळालं नाही, एवढंच तारखांसह लिहा.