टारफुला दरवर्षी उपटूनही पुन्हा का येतो? यावर संशोधनातून काही ठोस निघालं आहे का?

तुम्ही लिहिलंय की खरीप ज्वारीत आणि शेजारच्या उसाच्या खोडव्यात टारफुला येतो, दरवर्षी भांगलून काढता, तरी पुढच्या वर्षी तो आहेच. यावर शास्त्रज्ञांनी काही शोधलंय का, की ते रान सोडून द्यायचं?

रान सोडू नका. मी शेती सल्ल्याचं काम करतो आणि माझ्या मते ज्याच्यावर इतकं सुंदर संशोधन झालंय असं दुसरं तण नाही. अडचण एवढीच की आपण त्याच्याशी जमिनीच्या वर लढतो आणि त्याचा सगळा कारभार जमिनीखाली चालतो.

टारफुला परजीवी आहे. तो पिकाच्या मुळाला चिकटतो आणि पाणी, अन्न तिथूनच ओढतो. फूल दिसेपर्यंत पिकाचं बहुतेक नुकसान होऊन गेलेलं असतं. पुढच्या हंगामात ज्वारी खुरटलेली, पुरेशी ओल असूनही सुकलेली दिसली, तर टारफुला वर यायच्या आधीच एखादं ताट मातीच्या ढेकळासकट खणून काढा आणि बादलीतल्या पाण्यात हळूहळू धुवा. मुळांवर पांढुरके, नाजूक कोंब चिकटलेले दिसतील. ज्या शेतकऱ्यांनी हे एकदा पाहिलं त्यांना पुढचं फार समजावावं लागत नाही.

वाळलेलं बोंड तळहातावर चोळलं तर तपकिरीसारखी पूड पडते. तेच बी. एका झाडावर ते हजारोंनी असतं आणि जमिनीत दहा वर्षांहून अधिक काळ जिवंत राहू शकतं. नुसत्या पावसाने ते उगवत नाही. ओल मिळून तयार झाल्यावर ते यजमान पिकाच्या मुळाची वाट पाहतं. मुळातून एक विशिष्ट रसायन पाझरलं, तरच कोंब फुटतो.

हे रसायन पहिल्यांदा 1966 मध्ये वेगळं केलं गेलं, आणि तेही कापसाच्या मुळांच्या पाझरातून. कापसावर तर टारफुला जगत नाही! मग झाडं हे रसायन सोडतात तरी कशाला? याचं उत्तर मिळायला 2005 उजाडलं. पिकाच्या मुळांशी मैत्री करून स्फुरद मिळवून देणारी मायकोरायझा बुरशी असते, तिला बोलावण्यासाठी झाड ही हाक घालतं. टारफुल्याने ती हाक ऐकायला शिकून घेतलंय. जमिनीत स्फुरद कमी असेल तर पीक हे रसायन जास्त सोडतं; ज्वारीत नत्राच्या कमतरतेनेही तसंच होतं. म्हणजे उपाशी जमिनीतलं पीक टारफुल्याला जास्त बोलावतं. हलक्या, मुरमाड, वर्षानुवर्षं शेणखत न पडलेल्या रानात तो का बोकाळतो, याचं हे मोठं कारण आहे.

कापसाच्या त्या पाझरातच एक उपाय दडला होता. कापूस, भुईमूग, सोयाबीन, चवळी यांची मुळं टारफुल्याचं बी उगवायला लावतात, पण त्याला चिकटू देत नाहीत. उगवलेला कोंब काही दिवसांत उपाशी मरतो आणि जमिनीतला साठा तेवढा घटतो. बेवड बदलण्याचं, म्हणजे त्याच रानात पीक पालटून घेण्याचं, महत्त्व आपल्या जुन्या माणसांना ठाऊक होतंच. इथे त्याचं कारण हाती लागलं. अमेरिकेत 1956 मध्ये कॅरोलिना राज्यांत टारफुला सापडला, आणि पुढे तिथल्या सरकारने जमिनीत इथिलीन वायू सोडून बी असंच फसवून उगवलं. तो खर्च आपल्याला झेपणारा नाही, बेवड मात्र झेपतो.

आफ्रिकेत याच्या भावंडाने मका-ज्वारीचं फार मोठं नुकसान केलं आहे. केनियात व्हिक्टोरिया सरोवराकाठी म्बिटा इथल्या केंद्रात, मूळचे भारतीय असलेले झेयाउर खान आणि त्यांचे सहकारी मक्यातल्या खोडकिडीवर काम करत होते. किडीला दूर ठेवायला मक्याच्या ओळींत डेस्मोडियम हे द्विदल चाऱ्याचं पीक लावलं, आणि तिथला टारफुलाही जवळपास नाहीसा झाला. डेस्मोडियमच्या मुळांचा पाझर बी उगवायला लावतो, पण कोंबाला मक्याच्या मुळाशी जुळू देत नाही. शिवाय जमिनीला नत्र आणि गुरांना चारा.

वाणांचं कामही मोठं आहे. इथिओपियात जन्मलेले गेबिसा एजेटा यांना टारफुल्याला दाद न देणाऱ्या ज्वारीसाठी 2009 चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. आणि या संशोधनात जगभर वापरली गेलेली एन-13 ही प्रतिकारक ज्वारी आपल्या भारतातली आहे. परजीवीला तिच्या मुळात सहजी शिरता येत नाही. मला याचा मनापासून अभिमान वाटतो.

आता तुमच्या रानाचं. खोडवा पुढे ठेवू नका, मोडा. तिथे आणि ज्वारीच्या तुकड्यात निदान दोन-तीन वर्षं सोयाबीन, भुईमूग किंवा कापूस घ्या. पुन्हा ज्वारीवर आलात की ओळींमध्ये चवळी टाका. माती परीक्षण करून स्फुरद पेरणीबरोबर द्या, नत्र विभागून द्या. शेणखत चांगलं कुजलेलंच घाला. उपटणं थांबवू नका, पण ते फुलायच्या आत झालं पाहिजे. यंदाचं पीक त्याने वाचणार नाही, पुढची बी-पेरणी थांबेल. उपटलेलं बांधावर टाकू नका, जाळा.

टू-फोर-डी हे तणनाशक फवारल्याने वर आलेला टारफुला मरतो, हे खरं. पण शेजारी कापूस, तूर किंवा द्राक्ष असेल तर वाऱ्याबरोबर गेलेले थेंबही ते पीक वाकडंतिकडं करतात. तसं असेल तर मी फवारणीच्या भानगडीत पडू नका असंच सांगेन.

खोडवा कितवा आहे आणि त्या रानात शेणखत शेवटचं कधी पडलं, ते कळवलंत तर पीकक्रम नेमका सांगता येईल.