उड्डाणक्षम, उड्डाणयोग्य आणि ‘चालू कंडिशन’

अमेरिकेतले एक वाचक आपल्या दोन आसनी ‘लाइट स्पोर्ट’ विमानाच्या देखभालीवर मराठीत लिहीत आहेत. ‘एअरवर्दी’ला त्यांनी ‘उड्डाणक्षम’ योजलाय आणि ‘कंडिशन इन्स्पेक्शन’चं केलंय ‘अट-तपासणी’. चालेल का, असं विचारतात.

‘अट-तपासणी’ आधी खोडा. ही कंडिशन म्हणजे ‘स्कूटर चालू कंडिशनमध्ये विकणे आहे’मधली. ‘स्थिती-तपासणी’ म्हणा, किंवा ‘वार्षिक स्थिती-तपासणी’ म्हणा, कारण ती दर बारा महिन्यांनी करावीच लागते. ‘पाहणी’ मात्र नको. पाहणी मंत्री करतात, तीही बांधावरून.

आता ‘क्षम’. क्षम म्हणजे अंगात तेवढी ताकद असलेला. पंख फुटलेलं पिल्लू उड्डाणक्षम. इंधनाची नळी चिरत आलेलं विमानही एखाद्या दिवशी धावपट्टी सोडून वर जाईल, म्हणजे क्षम तेही आहे. ते उडवावं का, हा प्रश्न ‘योग्य’चा. म्हणून तर आरटीओ गाडीला ‘योग्यता प्रमाणपत्र’ देतं. तेव्हा एअरवर्दी म्हणजे उड्डाणयोग्य.

पण तुमच्या विमानाच्या नोंदवहीचा मजकूर देताना हा शब्दही वापरू नका. अमेरिकी नियमांत ‘एअरवर्दी’च्या व्याख्येत दोन गोष्टी येतात (अट हवीच असेल तर ती इथे सापडेल): विमान मंजूर झालेल्या मूळ आराखड्याबरहुकूम असलं पाहिजे, आणि ते सुरक्षित वापरता येईल अशा स्थितीत असलं पाहिजे. 2004 साली आलेल्या नियमांखालच्या लाइट स्पोर्ट विमानांना तसं आराखड्याचं सरकारी प्रमाणपत्रच नसतं. उद्योगानं मिळून ठरवलेल्या एएसटीएम मानकांप्रमाणे विमान बांधलंय, असं कारखानदार स्वतः लिहून देतो. मग तपासणारा पहिल्या गोष्टीची ग्वाही कशाच्या आधारावर देणार? तो फक्त दुसरीखाली सही करतो. तिथे तुम्ही ‘उड्डाणयोग्य’ लिहिलंत, तर त्यानं न दिलेली हमी तुम्ही त्याच्या नावावर टाकलीत.

इथे आपला ‘-जोगा’ कामी येतो. खाण्याजोगं, राहण्याजोगं, तसं वापरण्याजोगं. गंमत म्हणजे ‘जोगा’ हा ‘योग्य’चाच प्राकृतातून घासून आलेला अवतार, पण त्याला कचेरीचा वास नाही. पूर्ण नोंद अशी होईल:

‘या विमानाची आज उत्पादकाच्या देखभाल-पुस्तिकेनुसार तपासणी केली. विमान सुरक्षितपणे वापरण्याजोग्या स्थितीत आढळले.’

खाली तारीख, विमानाचे एकूण तास, सही आणि तपासणाऱ्याच्या प्रमाणपत्राचा क्रमांक. ‘आढळले’च ठेवा, ‘आहे’ करू नका. सही त्या दिवशी जे दिसलं त्यापुरतीच असते.