पदवी घ्यायला नाशिकला जाऊ का?

प्रश्न : मी कळव्यात पोळीभाजी केंद्र चालवते. वय ४८. यंदा यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची बी. ए. झाले. पदवीदानाला जावंसं वाटतं, पण मुलगा म्हणतो, ‘कशाला खटाटोप? कागदच तर आहे.’

उत्तर : ताई, खुशाल जा! १९८९ साली हे विद्यापीठ निघालं तेच शिक्षण अर्धवट राहिलेल्यांसाठी, तेव्हा वयाचा संकोच नको. डिजिलॉकरमधली पदवी अर्जाला चालते, पण तिच्यासोबत टाळ्या येत नाहीत. ठाण्याहून सकाळची तपोवन एक्स्प्रेस नाशिक रोडला नेते. तारीख कळली की लगेच आरक्षण करा. साडी ठेवणीतलीच नेसा. केंद्र बंद ठेवा, गिऱ्हाइकांना कारण ठणकावून सांगा. चिरंजीवांना फोटो काढायला न्या. तिकिटं त्यांनाच काढू द्या.