मुलाने हातावर कवटी गोंदवून घेतली, म्हणजे त्याला मरायचंय का?

"मॅडम, चोवीस वर्षांच्या मुलाला हातावर कवटी का गोंदवून घ्यावीशी वाटली असेल? त्याच्या मनात काही वेडंवाकडं तर नसेल ना?" असं विचारत एक बाई माझ्याकडे आल्या होत्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) त्यांनी मोबाइलमधला फोटो दाखवला. मनगटाच्या वर कवटी, तिच्या डोळ्याच्या खोबणीतून वर आलेलं फूल आणि शेजारी वाळूचं घड्याळ, वरची वाळू जवळजवळ संपलेली. टॅटू पाहिल्यापासून वडिलांनी मुलाशी बोलणं टाकलं होतं, आणि बाईंची झोप उडाली होती. मी मुलाला समजवावं आणि त्याने लेझरने टॅटू काढून टाकावा, एवढीच त्यांची मागणी होती.

ही भीती घेऊन येणारे पालक मला बरेच भेटतात. त्यांना मी आधी एकच सांगते: टॅटूवरून मनाचं निदान होत नाही. कवटी, विझलेली मेणबत्ती, कोमेजलेलं फूल, वाळूचं घड्याळ ही चिन्हं सतराव्या शतकातल्या डच चित्रकारांच्या 'व्हॅनिटास' चित्रांमध्ये जागोजागी आढळतात. त्यामागचा विचार 'मेमेंटो मोरी', म्हणजे 'मरायचं आहे हे विसरू नकोस'. मरणाची ओढ लावणं हा त्याचा हेतू नव्हता. हातात आहे तो वेळ वाया घालवू नकोस, असं ती चित्रं बजावत होती. मेक्सिकोत १ आणि २ नोव्हेंबरला गेलेल्या आप्तांच्या स्वागतासाठी रंगीबेरंगी कवट्या मांडतात. तिथे कवटी म्हणजे घरच्या माणसांची आठवण.

उलट, दिसायला अगदी साधं चिन्ह फार मोठं दुःख सांगत असू शकतं. मनगटावर काढलेला छोटासा अर्धविराम घ्या. अमेरिकेतल्या एमी ब्लूएल यांनी २०१३ मध्ये 'प्रोजेक्ट सेमीकोलन' (सेमीकोलन म्हणजे अर्धविराम) ही आत्महत्येच्या विचारांशी झगडणाऱ्यांना आधार देणारी चळवळ सुरू केली. त्यांच्या वडिलांनी आत्महत्या केली होती. वाक्य तिथेच संपवता आलं असतं, पण लिहिणाऱ्याने ते पुढे नेलं, असा त्या चिन्हाचा अर्थ. ते गोंदवून घेणारे कित्येक जण स्वतः त्या टोकापर्यंत जाऊन परतलेले असतात. आणि भलीमोठी कवटी मिरवणाऱ्याला कधी कधी फक्त ते चित्र आवडलेलं असतं. म्हणून अर्थ ज्याच्या अंगावर टॅटू आहे त्यालाच विचारायचा.

मुलगा आला, तो आईच्या आग्रहाखातर. त्याच्याशी मी एकट्याशी बोलले. तुझं बोलणं तुझ्या परवानगीशिवाय घरी जाणार नाही, फक्त जिवाला धोका दिसला तर गप्प बसता येणार नाही, हे सुरुवातीलाच सांगितलं. "हे चित्र तुझ्यासाठी काय आहे?" असं विचारल्यावर तो थोडा सैलावला. तो अतिदक्षता विभागात नर्स आहे. ड्यूटीवर असताना डोळ्यांदेखत गेलेल्या पहिल्या पेशंटसाठी ते फूल होतं. घड्याळाबद्दल म्हणाला, "ते दिसलं की कुणाशी भांडण शिल्लक ठेवून घराबाहेर पडावंसं वाटत नाही."

उत्तर सुंदर होतं, पण तेवढ्यावर मी थांबले नाही. "जगू नये असं वाटतं का? आत्महत्येचा विचार कधी आलाय का?" हे मी त्याला सरळ विचारलं. असं विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरेल, या धास्तीने पालक गप्प राहतात. तसं होत नाही, हे संशोधनातूनही दिसलं आहे. मनात असेल तर बोलायला वाट मिळते, आणि नसेल तर माणूस तसं सांगतो. त्याने नाही म्हटलं. मग बराच वेळ थांबून म्हणाला, "पण झोप लागत नाही. मॉनिटरचे आवाज घरीही ऐकू येतात." मित्रांकडे जाणंही कमी झालं होतं. घरी दिवस कसा गेला असं कुणी विचारलं, की तो "ठीक" म्हणून खोलीत जायचा.

आईला काहीतरी बिनसल्याचं जाणवलं होतं, ते खरंच होतं; त्यांनी बोट मात्र टॅटूवर ठेवलं. मुलाच्या परवानगीने आम्ही तिघं बसलो. मी बाईंना सांगितलं, टॅटूपेक्षा वागण्यातला बदल बघा. माझं ओझं होतंय, आता काही उरलं नाही, अशी भाषा, आवडत्या वस्तू वाटून टाकणं, निरोप घेतल्यासारखं बोलणं, अचानक वाढलेली दारू, साधनांची शोधाशोध, किंवा खूप अस्वस्थतेनंतर एकाएकी आलेली शांतता. यातलं काही दिसलं तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टर किंवा आत्महत्या प्रतिबंध हेल्पलाइन गाठा. अंगावर टॅटू असो वा नसो.

लेझरचा विषय बाईंनी पुन्हा काढला. मी स्पष्टच म्हटलं, त्वचा त्याची आहे, निर्णयही त्याचाच. लेझरच्या अनेक बैठका लागतात, दुखतं, आणि तरी पुसट खूण राहू शकते. शिवाय ज्या चित्रात त्याने आपलं दुःख कुठेतरी ठेवलंय, ते जबरदस्तीने पुसायला लावणं मला क्रूर वाटतं.

बाई काही बोलल्या नाहीत. मग मुलाकडे वळून त्यांनी विचारलं, "कोण होते रे ते पेशंट?" नाव वगळून त्याने सगळं सांगितलं. त्या मधे एकदाही बोलल्या नाहीत. तो आता झोपेसाठी आणि त्या आवाजांसाठी माझ्याकडे नियमित येतो. वडिलांना अजून टॅटू पटलेला नाही, पण जेवताना ते त्याच्याशी बोलू लागले आहेत.