लाइन नसलेल्या घरात इन्व्हर्टर आणि जनरेटरवर कायमचं राहता येतं का? जनरेटर किती मोठा घ्यावा?

हो, राहता येतं, मी सहा वर्षं राहतोय. तुम्ही विचारलंय की सोलर, बॅटऱ्या, इन्व्हर्टर सगळं लावल्यावर ढगाळ दिवसांसाठी जनरेटर किती मोठा लागेल. ते सांगतोच, पण त्याआधी तो कधी चालू करायचा हे सांगतो, कारण माझी पहिली बॅटरी बँक त्यातच गेली.

झालं असं की सलग ढगाळ दिवस आले की मी दिवसभर वाट बघायचो, आता ऊन पडेल मग पडेल, आणि संध्याकाळी इन्व्हर्टर लो बॅटरीची शिट्टी मारायला लागला की जनरेटर सुरू करायचो. दोन-तीन तासांनी झोपायच्या वेळी बंद, कारण आवाज. बंद केल्या केल्या मीटरवर 51 व्होल्ट दिसायचे, म्हटलं झाली फुल. पण चार्जर नुकताच बंद केलेला असताना व्होल्टेज चढलेलंच दिसतं, ते खरं नसतं. काही महिन्यांनी हायड्रोमीटर (बॅटरीतल्या ॲसिडची घनता मोजायची नळी) घातला तर एकेका सेलची ग्रॅव्हिटी, म्हणजे ती घनता, 1180 च्या आसपास, फुल चार्जला ती 1250 च्या पुढे पाहिजे. म्हणजे लेड ॲसिड बॅटऱ्या महिनोन्‌महिने अर्धवट चार्जवर पडून होत्या. अशाने प्लेटांवर सल्फेट धरतं आणि ते जुनं झालं की निघत नाही. बँक दोन वर्षांत बाद झाली, खूप जिवाला लागलं.

आता जनरेटर सकाळी लावतो, उजाडल्या उजाडल्या. कारण असं, की रिकामी बॅटरी करंट भरभर घेते, पण साधारण 80 टक्क्यांच्या पुढे गेली की करंट कमी कमी होत जातो आणि शेवटच्या वीस टक्क्यांना चार-पाच तास सहज लागतात. तेवढ्यासाठी जनरेटर चालवला तर तो दोन-तीनशे वॅटसाठी नुसता घुमत बसतो आणि तेल पितो. डिझेल असेल तर कमी लोडवर सायलेन्सरमध्ये काजळी आणि न जळलेलं डिझेलही साठतं. म्हणून सुरुवातीचं जड काम सकाळी जनरेटरने करून घ्यायचं आणि उरलेलं हळू काम पॅनेलवर सोडायचं, ढगातून येतो तेवढा उजेडही त्याला बऱ्याचदा पुरतो.

साइजचं गणित सोपं आहे. 48 व्होल्ट 200 एएच (अँपिअर-अवर, बॅटरीची क्षमता) बँक म्हणजे कागदावर 9.6 युनिट, लेड ॲसिडमध्ये वापरायचं त्याच्या निम्मंच. तिला दहा टक्के म्हणजे 20 अँपिअरने चार्ज केलं तर साधारण 1100 वॅट जातात, चार्जरचा लॉस आणि घरातला चालू लोड धरून 3 केव्हीए पुरतो. उगाच दुप्पट मोठा घेऊ नका. आणि लोड मोजताना इन्व्हर्टरला विसरू नका, तो स्वतः 50 वॅट खात असेल तर दिवसाला 1.2 युनिट तिथेच गेलं. पाण्याची मोटार सुरू होताना चालू करंटच्या पाच-सहा पट खेचते, ती भर उन्हात चालवा.

एक गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही. नवा जनरेटर जोडला की इन्व्हर्टर तो घेतो, लगेच टक करून सोडतो, परत घेतो, परत सोडतो. माणूस घाबरतो. बहुतेक वेळा जनरेटरची फ्रिक्वेन्सी किंवा व्होल्टेज हलत असतं, म्हणून इन्व्हर्टर त्याला नाकारतो. सेटिंगमध्ये एसी इनपुटची रेंज मोठी करा आणि चार्जिंग करंट कमी करून हळूहळू वाढवा. माझं तेवढ्यावर भागलं.

आता हे मात्र हात जोडून सांगतो, जनरेटर घरात, पडवीत, खिडकीखाली कधीच नाही. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेत माणूस जातो. जनरेटरची वायर प्लगमध्ये खुपसून घराला सप्लाय द्यायचा नाही, चेंजओव्हर स्विच (एका वेळी एकच सप्लाय घराला जोडणारा) लावूनच घ्या. बॅटरीच्या अगदी जवळ डीसी फ्यूज हवाच. लेड ॲसिड बॅटऱ्या चार्ज होताना हायड्रोजन सोडतात, खोलीला वरून हवा जायला वाट ठेवा.

गरज नसली तरी महिन्यातून एकदा जनरेटर लोड देऊन अर्धा तास चालवा, आणि पेट्रोलचा असेल तर टाकीत जुनं पेट्रोल महिनोन्‌महिने ठेवू नका, कार्बोरेटर चिकटतो आणि नेमका गरजेच्या सकाळी दोरी ओढून ओढून खांदा दुखतो.

जमत असेल तर लिथियम बॅटरी घ्या, एलएफपी म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट वाली. तिला अर्धवट चार्जचं वावडं नाही, करंटही जवळजवळ शेवटपर्यंत भरभर घेते, त्यामुळे जनरेटर दोन तास चांगल्या लोडवर चालवायचा आणि बंद करायचा. फक्त सेलचं तापमान शून्य अंशाखाली असताना तिला चार्ज करायचं नाही, सेल कायमचे खराब होतात.